कन्नड वाचता येत नाही, पण ऐकता येतंय की!

प्रश्न: सर, आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. मिस्टरांना बेळगावच्या उद्यमबागेत काम लागलंय म्हणून वडगावात घर बघितलंय. वरचा मजला, दोन खोल्या आणि किचन. भाडं ७,०००, डिपॉझिट ५०,०००. मालक काका-काकू चांगले आहेत, घरी मराठीच बोलतात. काकांनी आधी विचारलं, भाड्यानं पाहिजे की लीजवर? मला फरक कळला नाही, मी भाड्यानं म्हटलं. आता त्यांनी चार पानी अग्रीमेंट करून आणलंय, ते पूर्ण कन्नडमध्ये. मला कन्नड बोललेलं बऱ्यापैकी समजतं, वाचता येत नाही. मिस्टरांना तेवढंही नाही. कागद घरी नेऊ का विचारलं तर काका हसून म्हणाले, ‘सगळ्यांचं असंच असतंय. मी काय पळून जाऊलालोय काय?’ कोल्हापूरचे मोठे दीर म्हणतात, रजिस्टर केल्याशिवाय पाय ठेवू नका. त्यांनी मोबाइलवर एक मराठी नमुनाही पाठवलाय. शनिवारी सही आहे. जास्त चौकशी केली तर काकूंना वाईट वाटेल आणि घर हातचं जाईल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर: ताई, शनिवारी जा, पण सही करू नका. शनिवारी फक्त वाचन करा. सही मंगळवारी झाली म्हणून वडगावचं घर कुठं वाहून जात नाही.

तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. कन्नड वाचता येत नाही, पण ऐकलेलं समजतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग ऐका. काकांना सरळ सांगा, ‘काका, माझे डोळे कन्नडला अडाणी आहेत, कान नाहीत. तुम्ही सावकाश वाचा, मी ऐकते, अडलं तर विचारते.’ यात अविश्वास कुठं आला? उलट मोठ्या माणसाला वाचायला सांगणं हा मानच झाला. आणि मी पैजेवर सांगतो, तो कागद काकासुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण वाचतील. हे अग्रीमेंट टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमधून निघतं. मागच्या गिऱ्हाइकाचं नाव काढून पुढच्याचं घालायचं, की झालं. एका कागदात मी मांसाहार बंदीचं कलम बघितलंय, आणि मालक स्वतः रविवारी मटण आणणारे! त्यांनाही पत्ता नव्हता.

काकांना चष्मा लागत असेल, कंटाळा असेल, तर शेजारची आठवीतली पोरगी बसवा. मराठी शाळेतली असली तरी चालेल, इथं मराठी शाळेतही कन्नड शिकवतात. तिला अर्थ कळणार नाही, पण अक्षरं कळतील. तुम्हाला अक्षरं कळत नाहीत, पण अर्थ कळेल. दोघींचं मिळून एक वकील होतंय.

आता कानाला थोडी तयारी द्या. कागदी कन्नड बाजारातल्या कन्नडपेक्षा जड असतं. बाडिगे म्हणजे भाडं, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुंगड किंवा ठेवणि म्हणजे डिपॉझिट. (ठेवणि ही आपलीच ठेव, शेजारघरी नांदायला गेलेली.) अवधि म्हणजे मुदत, दुरस्ती म्हणजे दुरुस्तीच. तिंगळु म्हणजे महिना. तो शब्द आला की त्याच्या आधीचा आकडा पकडायचा. घर सोडताना आधी कळवायची मुदत ‘ओंदु तिंगळु’ आहे की ‘मूरु तिंगळु’, एवढ्या एका शब्दावर तुमचे १४,००० रुपये अडकलेले असतात. शिवाय तुम्ही सोडलं तर तीन महिने आणि मालकांनी काढलं तर एक महिना, असा दुजाभावही कागदात सर्रास असतो. दोघांना सारखी मुदत करून घ्या.

आणखी एक गंमत सांगतो. कागदी कन्नडमध्ये ‘द्यावे’ याला ‘कोडतक्कद्दु’ म्हणतात आणि ‘देऊ नये’ याला ‘कोडतक्कद्दल्ल’. वाक्य अर्ध्या पानाचं असतं, आणि होकार की नकार ते ठरतं पार शेवटच्या अक्षरात. म्हणून वाक्य संपेपर्यंत मान हलवू नका. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप असतं, त्यानं ढोबळ अंदाज येतो, पण असल्या लांबलचक वाक्यात शेवटचा नकार तेवढा गळून पडायची भीती असते. आकडे कन्नडमध्ये छापले असतील तर जास्तच जपा. कन्नडचा सहा आणि नऊ नवख्या डोळ्याला जुळे भाऊ वाटतात. सगळ्या रकमा अक्षरीही लिहून घ्या.

वाचन कुठून सुरू करायचं? शेवटून. भाडेकरू घरात शिरताना सगळं गोडच असतं. रडारड होते ती घर सोडताना. त्यामुळे अकरा महिन्यांनी टेंपोत सामान भरलंय आणि तुम्ही किल्ली द्यायला खाली उतरलाय, असं डोळ्यांपुढं आणा. त्या दिवशी ५०,०००पैकी किती हातात येणार, कधी येणार आणि कशाचे कापले जाणार, हे ज्या कलमात आहे ते आधी वाचून घ्या. बाकीची कलमं नंतर.

त्या कलमात एक शब्द ऐकू येईल, सुण्णबण्ण. सुण्ण म्हणजे चुना, बण्ण म्हणजे रंग. घर सोडताना रंगरंगोटीचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची इथं रीतच पडलीय. म्हणजे तुमचे ७,००० गेले, मग तुम्ही अकरा महिने राहा नाहीतर पाच वर्षं. ही रीत मोडता येईल असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी मागा. आत शिरताना घर ताजं रंगवलेलं असलं पाहिजे, तरच सोडताना रंगाचे पैसे. आणि रक्कम आजच्या भाड्याइतकी, वाढलेल्या भाड्याइतकी नव्हे.

माझंच सांगतो. लग्नानंतर आम्ही शहापुरात भाड्यानं राहिलो. मला कन्नड वाचता येतं, त्याचा थोडा तोराही होता. अग्रीमेंट समोर आलं, पहिलं पान वाचलं, तेवढ्यात मालकीणबाई चहा घेऊन आल्या, पोहेही होते. पोहे खाता खाता उरलेल्या पानांवर सह्या करून मोकळा झालो. त्या घराची पश्चिमेची भिंत आषाढात घाम फुटल्यासारखी ओली व्हायची. आपला पाऊस तुम्हाला सांगायला नको, तुम्ही खानापूरच्या. श्रावणापर्यंत कपाटामागं काळी बुरशी, आणि बायकोच्या लग्नातल्या शालूवर तिचे ठिपके. घर सोडलं तेव्हा त्याच भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून गेले. मी भांडायला गेलो तर मालकांनी तिसरं पान पुढं केलं. ‘वास्तव्यात झालेले सर्व नुकसान बाडिगेदाराने भरावे.’ सर्व म्हणजे सर्व. पाऊस माझ्या खात्यात! चूक त्यांची होती असंही म्हणवत नाही. वाचायचं काम माझं होतं, मी पोहे खाल्ले.

म्हणून तुमच्या कागदात नुकसान दोन प्रकारचं लिहून घ्या. तुमच्या हातून फुटलं-तुटलं ते तुमचं. गळती, ओल, जुनी पाइप, वापरानं झिजलेलं ते मालकांचं. शब्द साधे चालतील. आणि किल्ली घ्यायच्या दिवशी काकांना बरोबर घेऊनच मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, नळ सोडून, गीझर लावून, खिडक्यांच्या काचा, संडासातला फ्लश. पंखे किती, ट्यूब किती हे कागदावर उतरवून दोघांच्या सह्या. तो व्हिडिओ लगेच काकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

आता लीजचं. काकांनी विचारलं त्यात वावगं काही नव्हतं. कर्नाटकात बोलीभाषेत लीज म्हणजे भोग्य. एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही, मुदत संपली की रक्कम जशीच्या तशी परत. ऐकायला फुकटात राहिल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे तुम्ही मालकाला बिनव्याजी कर्ज देता आणि व्याजापोटी त्याच्या घरात राहता. मालकानं ती रक्कम पोरीच्या लग्नात किंवा दुसऱ्या प्लॉटमध्ये घातली, तर मुदत संपल्यावर ‘पुढचा लीजवाला मिळाला की देतो’ हे उत्तर येतं. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराला हात घालते आणि तुम्ही पैशांसाठी दारोदार. तुम्ही भाड्यानं म्हणालात ते बरं केलंत. पुढं कधी भोग्याचा विचार आला तर आधी सब-रजिस्ट्रारकडून घराची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढा, त्यात रजिस्टर झालेले व्यवहार आणि बोजे दिसतात. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरही अर्ज करता येतो. मुदत वर्षाच्या वर असेल तर करार रजिस्टर केल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

इथं तुमच्या दीरांचा मुद्दा येतो. त्यांचं खोटं नाही, फक्त ते कोल्हापूरचं खरं आहे. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्याच्या कलम ५५ नं तिथं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि रजिस्टर करावाच लागतो. कर्नाटकाचा भाडे कायदाही योगायोगानं १९९९चाच, पण वेगळा. आणि तो मुळात लहान भाड्याच्या घरांसाठी, शहरातल्या आजच्या बहुतेक फ्लॅटना तो लागूच होत नाही. मग राहतो १९०८चा नोंदणी कायदा. त्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं. म्हणूनच अकरा महिन्यांच्या कराराचा जन्म झाला. तुमचा अकरा महिन्यांचा असेल तर तो रजिस्टर नसला म्हणून बेकायदा होत नाही. दीरांनी पाठवलेल्या नमुन्यात तर कलमंच महाराष्ट्राच्या कायद्याची असणार. नमुना नीट वाचा, त्यातून काय विचारायचं ते कळेल, पण काकांपुढं ठेवू नका. चंदगडचा माल शिनोळीची राज्यसीमा ओलांडून आला की दुसरा कायदा.

नोटरीचा लाल शिक्का म्हणजे रजिस्टर, असाही अनेकांचा समज असतो. नोटरी पुढ्यात झालेल्या सहीची साक्ष देतो, एवढंच.

स्टँपकडे मात्र नीट बघा. तेलगी आपल्याच खानापूरचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्याच्या बनावट स्टँपच्या घोटाळ्यानंतर कर्नाटकात जुना छापील स्टँप पेपर गेला आणि ई-स्टँप आला. लोक त्याला अजून बॉण्डच म्हणतात. त्या ई-स्टँपवर पहिला पक्ष, दुसरा पक्ष, कशासाठी घेतला आणि रक्कम छापलेली असते. दुसऱ्या पक्षात तुमच्या मिस्टरांचं नाव, आधारवर आहे तस्संच, आहे का बघा. भाडं आणि डिपॉझिट यांच्या हिशेबानं स्टँप भरायचा असतो. कमी भरला आणि पुढं प्रकरण कोर्टात गेलं, तर फरक आणि त्याच्या दहापट दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. हातात कागद असून नसल्यासारखा.

काका-काकू मालक आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत? दार त्यांनी उघडलं म्हणून? राग मानू नका, पण शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत तीन भावांची नावं असतात, आणि एक भाऊ पुण्याला असतो. घरपट्टीची पावती आणि हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल बघायला मागा. नाव काकांचं नसेल तर ज्याचं आहे त्याची सही किंवा त्याचं मुखत्यारपत्र पाहिजे. हेस्कॉमच्या बिलाचं निमित्त पुढं केलं की कुणाला राग येत नाही, कारण तुम्हाला ते खरंच लागणार आहे. वरच्या मजल्याला वेगळा मीटर, वेगळा आरआर नंबर (वीजजोडणीचा नंबर) आहे का, ते आजच विचारा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूलाही मोफत वीज मिळते, पण त्यासाठी तो आरआर नंबर तुमच्या आधारला जोडावा लागतो आणि भाडेकराराची प्रत लागते. आधीच्या भाडेकरूचं आधार तिथं जोडलेलं असेल तर ते आधी काढून घ्यायला लावा. वेगळा मीटर नसून खालच्याच मीटरवर सबमीटर असेल, तर दोन घरांची युनिटं एकत्र मोजली जातात. २०० युनिटांच्या वर गेलं की बिल पूर्ण येतं. तेव्हा युनिटला किती रुपये द्यायचे, हे तोंडी ठेवू नका.

भाडेवाढीचं कलम छोटं असतं, पण वाढत जातं. दर अकरा महिन्यांनी दहा टक्के असेल, तर ७,०००चे ७,७००, मग ८,४७०, आणि तिसऱ्या वाढीला ९,३१७. पाच टक्के मागा. सहावर तडजोड झाली तरी चांगलंच.

आणि असं एखादं कलम कानावर आलं की भाडं थकलं तर मालक कुलूप तोडून सामान बाहेर काढू शकतील, तर ते खोडायला सांगा. नाहीच खोडलं तरी हबकू नका. कायद्याच्या वाटेनं न जाता कुणाला घरातून काढलं, तर १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागायचा दावा करता येतो. पण असं कलम ठेवायचा हट्ट धरणारा मालक कसा असेल, हा विचार सहीआधी करायचा.

एक मधलीच गोष्ट. सीमाभागात कन्नड कागद म्हटलं की काहींचे कान वेगळ्याच कारणानं टवकारतात. तुमचा प्रश्न भाषेचा नाही, ५०,००० रुपयांचा आहे. मराठी मालकाचा मराठी कागदही इतकाच नीट वाचा. मात्र दोघांतल्या भाडेकराराला अमुकच भाषा पाहिजे असं काही नसतं, त्यामुळे मराठी प्रत मागायला लाजू नका. दोन प्रती झाल्या तर वाद पडल्यास कोणती खरी धरायची, हे एका ओळीत लिहून ठेवा. कन्नडच राहणार असेल तर शेवटी चार शब्द घाला, ‘वरील मजकूर मला मराठीत वाचून, समजावून सांगितला’, आणि खाली ज्यानं सांगितलं त्याचं नाव, सही. सही केली म्हणजे वाचूनच केली, असंच कोर्ट सहसा धरून चालतं.

डिपॉझिट रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयनं पाठवा आणि ‘वडगाव घर डिपॉझिट’ असं तिथंच लिहा. रकमेचा आणि तारखेचा उल्लेख कागदातही यायला हवा. भाड्याचंही तसंच, महिन्याच्या नावासकट. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, कोरी जागा दिसली तर रेघ मारायची, आणि सही झालेली एक प्रत तुमच्या ट्रंकेत. झेरॉक्स नंतर देतो म्हणाले तर झेरॉक्सच्या दुकानापर्यंत बरोबर चालत जा.

काकूंना वाईट वाटेल का? वाटलं तर थोडं वाटू द्या. शनिवारी जाताना हातात काहीतरी घेऊन जा, कुंद्याचा डबा घ्या. तो उघडायचा मात्र चौथं पान वाचून झाल्यावर.

आणि घरी परतताना एक काम. वरच्या मजल्याला नळाचं पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी किती वेळात भरते, हे काकांना विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा.